शेवटचा पीस, पुन्हा येणार नाही: काउंटरवरचा शब्द किती धरायचा?

बाजारहाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला हॉट व्हील्सच्या गाड्या जमवायचा नाद आहे. स्वतःचे पैसे साठवतो, उगाच हट्ट करत नाही. मध्यंतरी एका मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात गेलो होतो. तिथल्या मुलाने निळी निसान स्कायलाइन दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल कंपनीने बंद केलंय. शेवटचा पीस आहे, पुन्हा येणार नाही." किंमत ४५० रुपये. पोराचा चेहरा बघून घेतली. घरी आल्यावर त्याने नखाने वरचं स्टिकर काढलं, तर खाली एमआरपी १७९. पुढे काही दिवसांनी कोथरूडच्या एका दुकानात तीच गाडी, त्याच रंगात, चार-पाच लटकत होत्या. मुलगा काही बोलला नाही, पण आता दुकानात कुणी काही सांगितलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतो. हे लोक ठरवून खोटं बोलतात का?
– एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : आधी त्या ४५० रुपयांचं सांगते, कारण त्यात दुमत व्हायला जागाच नाही. पाकीटबंद वस्तूवर छापलेल्या एमआरपीच्या वर दुकानदाराला एक रुपयाही घेता येत नाही. वैध मापन शास्त्राचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम तसं स्पष्ट सांगतात. छापलेली किंमत झाकून वर चढी किंमत चिकटवणं हाही त्याच नियमांचा भंग. माल बंद झालाय, दुर्मीळ आहे, शेवटचा आहे, यातलं कुठलंच कारण चालत नाही. बिल असेल आणि ते स्टिकर फेकलं नसेल तर दोन्हींचा आणि पाकिटाचा फोटो काढा, दुकानात जा आणि फरक परत मागा. मालक उडवाउडवी करायला लागला तर १९१५ ला फोन लावा. ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलाला सोबत न्या. त्याचे पैसे आहेत, ते परत कसे मागायचे हेही त्याला बघू दे.

आता "कंपनीने बंद केलंय" या बोलण्याकडे येते. मी बरीच वर्षं पुण्यातल्या खेळण्यांच्या दुकानांसाठी खरेदी बघत होते, त्यामुळे काउंटरपर्यंत कोणती माहिती पोचते आणि कोणती वाटेतच राहते हे मला चांगलं ठाऊक आहे. कंपनीने एखादं मॉडेल थांबवलं की त्याची यादी डिस्ट्रिब्युटरकडे येते, तिथून खरेदीच्या माणसाच्या मेलमध्ये, आणि बहुतेक वेळा तिथेच पडून राहते. काउंटरवरच्या पोराला ती कुणी दाखवत नाही. त्याच्यासमोर असतो तो फक्त त्याच्या दुकानाचा कॉम्प्युटर, आणि त्यात एवढंच दिसतं की या कोडचे शिल्लक पीस शून्य. रविवारी संध्याकाळी सात वाजता, बिलाच्या रांगेत दहा माणसं उभी असताना कुणी विचारलं, "परत कधी येईल?", तर "मला माहीत नाही" म्हटल्यावर पुढे आणखी चार प्रश्न येतात. "बंद झालं" म्हटलं की विषय संपतो. माझ्या पाहण्यात हे उत्तर जितक्या वेळा दिलं गेलं, त्यातल्या बहुतेक वेळा त्यामागे एवढंच कारण होतं. माल संपलेला असताना तसं बोलणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. तुमच्या बाबतीत मात्र पीस समोर होता, भाव अडीच पट होता आणि वर स्टिकर होतं. ते स्टिकर त्या पोराने स्वतःच्या मनाने लावलं असेल असं मला वाटत नाही. ते ठरवून केलेलं होतं आणि वरून ठरलेलं होतं.

हॉट व्हील्सच्या बाबतीत घोटाळा व्हायला आणखी एक कारण आहे. "निळ्या स्कायलाइन दोन डझन पाठवा" अशी ऑर्डर दुकानाला देताच येत नाही. कंपनी मिक्स कार्टन भरते. एका कार्टनमध्ये वेगवेगळी मॉडेल्स, एखाद्याचे दोन-तीन पीस, एखाद्याचा एकच. पुढच्या कार्टनमध्ये काही गाड्या नव्या असतात, काही त्याच परत येतात. त्यामुळे "आमच्याकडे पुन्हा येईल का सांगता येत नाही" हे अगदी खरं उत्तर आहे. मॉलमधल्या दुकानात एकच आली आणि कोथरूडला चार-पाच लटकल्या, यातही नवल नाही.

शिवाय एक रंग संपला म्हणजे गाडी संपली असं होत नाही. मॅटेल कंपनी १९६८ पासून हॉट व्हील्स काढते आहे आणि चांगला चाललेला साचा ती सहजासहजी टाकून देत नाही. रंग बदलते, चाकं बदलते, वरची चित्रं बदलते आणि तीच गाडी पुन्हा आणते. स्कायलाइनसारखी लोकांची लाडकी गाडी तर फिरून फिरून येतच असते.

मुलाला एक गोष्ट हातात गाडी घेऊन दाखवा. गाडी उलटी केली की पोटावर एक वर्ष कोरलेलं दिसतं. काही विक्रेते तेच बोटाने दाखवतात, "बघा, किती जुना माल आहे." ते वर्ष त्या साच्याच्या डिझाइनच्या हक्काचं असतं, गाडी कारखान्यातून कधी निघाली त्याचं नसतं. त्यासाठी पोटावरच आणखी एक बारीक शिक्का असतो, एक इंग्रजी अक्षर आणि पुढे दोन आकडे. अक्षरावरून वर्ष कळतं, आकड्यांवरून त्या वर्षातला आठवडा. भिंग घेऊन बसला तर त्याचं तो शोधून काढेल. आणि दुकानातच बघायचं असेल तर पाकिटाच्या मागे आयात करणाऱ्याचं स्टिकर असतं, त्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. दोन महिन्यांपूर्वी आयात झालेली गाडी "जुना, बंद झालेला माल" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर त्या स्टिकरवर बोट ठेवायचं.

आमच्या धंद्यातली एक खूण सांगते, ती बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. साध्या खेळण्याचं उत्पादन कंपनीने खरोखर थांबवलं की दुकान त्याचा भाव वाढवत नाही, पाडतं. नवीन माल यायचा असतो, फळी मोकळी करायची असते, जुना कोड हिशेबात अडकून बसलेला असतो. खरेदीवाल्याला तो गळ्यातलं लोढणं वाटतो. दिवाळीनंतर किंवा मार्चअखेरीला जे टेबल दाराशी मांडून वीस-तीस टक्के सवलत लावतात ना, त्यावरचा बराचसा माल खरोखरच बंद झालेला असतो, आणि तिथे उभं राहून "हे बंद झालंय हो" असं कुणी ओरडत नाही. म्हणून "बंद झालंय" आणि "जास्त पैसे पडतील" ही दोन वाक्यं एका तोंडून आली की मी तरी हात आखडता घेते.

तरी याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या देशातलाच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून एकदम ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० झालं. त्यातच १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. परदेशातल्या कारखान्यालाही आपल्या मानक ब्युरोचा परवाना घेतल्याशिवाय इथे माल पाठवता येईना. नियम मुलांच्या सुरक्षेसाठी आहे आणि मला तो पटतो. पण त्या काळात कितीतरी खेळणी पुण्याच्या दुकानांतून एकाएकी नाहीशी झाली. ती कारखान्यात रोज बनत होती, इथे येत नव्हती इतकंच. बोहरी आळीच्या ठोक दुकानापासून मॉलपर्यंत सगळीकडे ग्राहकाला सांगितलं गेलं की कंपनीने बंद केलं. सांगणाऱ्यांना खरंच तसं वाटत होतं. पुढे परवाने मिळाले तशी त्यातली काही खेळणी परत आली, आणि मधल्या काळात चढ्या भावाने घेतलेल्यांना फसल्यासारखं वाटलं.

कधी कधी कंपनीच आपलं सांगणं फिरवते. लेगो या जोडायच्या ठोकळ्यांच्या कंपनीचा ताजमहाल २००८ मध्ये आला, ५,९२२ तुकड्यांचा. नंतर कंपनीने तो थांबवला. जमवणाऱ्यांच्या बाजारात बंद डब्याचे भाव भरमसाट वाढले. २०१७ मध्ये लेगोने तोच ताजमहाल नव्या नंबरने पुन्हा काढला, तुकडे ५,९२३, आणि जुन्या डब्यांचे भाव उतरले. अमेरिकेत टाय कंपनीने १९९३ पासून बीनी बेबीज नावाची छोटी कापडी जनावरं काढली. मधूनच एकेक जनावर "निवृत्त" करायचं आणि लोकांनी त्यासाठी धावायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. ऑगस्ट १९९९ मध्ये तर वर्षअखेरीला सगळीच बंद करणार असं जाहीर केलं, मग लोकांचं मत मागवलं आणि बीनी बेबीज चालूच राहिल्या. कंपनीच्या घरातला शब्द असा फिरतो, तिथे काउंटरवरचं एखादं पोर "पुन्हा कधीच येणार नाही" हे कशाच्या जोरावर सांगणार?

म्हणून "बंद झालंय का?" हा प्रश्नच विचारू नका. मुलाला असं विचारायला शिकवा: "दादा, या बारकोडचा पुढचा माल ऑर्डरमध्ये दिसतोय का? तुमच्या दुसऱ्या शाखेत आहे का?" ही दोन्ही उत्तरं कॉम्प्युटरवर बघून देता येतात, आणि माणूस स्क्रीनकडे बघून उत्तर देतोय की तुमच्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघून, हेही कळतं. लेगोसारख्या खेळण्याचा सेट नंबर डब्यावर असतो. कंपनी आपल्या वेबसाइटवर लवकरच थांबणाऱ्या सेटवर तशी खूण करते, ती घरी बसून बघता येते. साधारण दीड-दोन वर्षं हे सेट बाजारात राहतात, त्यामुळे नव्या आलेल्या सेटबद्दल कुणी घाई करत असेल तर एक महिना थांबायला हरकत नाही.

अकरा वर्षांच्या मुलाला "आत्ता नाही घेतलं तर कधीच मिळणार नाही" या भीतीने खरेदी करायला लावणं मला मनापासून वाईट वाटतं. त्याला गाड्यांची आवड आहे, ती आवड ठेवा. थांबायचं कसं हे तो शिकला तर पुढे मोबाइल घेतानाही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी विमाननगर भागातल्या एका खेळण्यांच्या दुकानात सेल्समन आहे. मॅनेजर सांगतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला "लास्ट पीस आहे" म्हणायचंच. न म्हटलं तर टार्गेट होत नाही, इन्सेन्टिव्ह जातो. आणि जे खरोखर नसतं ते नाही म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं, आत लपवून ठेवलंय. दोन्हीकडून शिव्या आम्हालाच. काय करावं?
– एक सेल्समन

उत्तर : दादा, तुमच्यासारख्यांकडून आम्हाला पत्रं क्वचित येतात, म्हणून हे पत्र मला मोलाचं वाटलं.

कायद्याचं आधी सांगते, ते मॅनेजरपुढे बोलताना उपयोगी पडेल. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित व्यापारी प्रथेबद्दल बोलतो तेव्हा त्यात फक्त छापील जाहिरात येत नाही, तोंडी केलेलं खोटं विधानही येतं. गोदामात चाळीस पीस असताना "शेवटचा आहे" म्हणून विकणं हे सरळसरळ खोटं विधान आहे, आणि ग्राहक तक्रार करतो ती दुकानाविरुद्ध. हल्ली गिऱ्हाईक फोनवर बोलणं रेकॉर्ड करतं, बारकोड स्कॅन करून दुसऱ्या दुकानातला भाव बघतं. मॅनेजरला हे सांगताना वाद घालायची गरज नाही. "सर, कुणी तक्रार केली तर दुकानाचं नाव येईल" एवढं पुरे.

टार्गेटचं म्हणाल, तर खरं बोलूनही माल विकता येतो, हे मी उत्तम सेल्समनकडून पाहिलेलं आहे. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात एक काका होते. त्यांचं ठरलेलं बोलणं असं: "फळीवर हा एकच आहे. आत आहे का ते बघून सांगतो, दोन मिनिटं थांबा." आणि ते खरंच आत जाऊन बघून यायचे. नसेल तर म्हणायचे, "आमच्याकडे संपलाय. कंपनी काढते की नाही ते मला माहीत नाही. नंबर लिहून ठेवा, आला तर कळवतो." एका जाड वहीत नाव, फोन आणि खेळण्याचं नाव. माल आला की दुपारच्या निवांत वेळेत फोन करायचे. ती वही त्यांचं टार्गेट पुरं करायची. माणसं त्यांचं नाव घेऊन दुकानात यायची. तुम्ही तीच वही मोबाइलवर ठेवू शकता.

लपवण्याबद्दलचा संशय मात्र हवेतून आलेला नाही, आणि हे इथे लिहिणं मला भाग आहे. हॉट व्हील्सच्या कार्टनमध्ये १९९५ पासून कंपनी क्वचित एखादी ट्रेझर हंट नावाची दुर्मीळ गाडी घालते. त्याहून दुर्मीळ सुपर ट्रेझर हंट असेल तर रंग चमकदार असतो, चाकं रबरी असतात, आणि जमवणारे त्यासाठी वाटेल ते पैसे मोजतात. दुकान उघडायच्या आधी कार्टन फोडायचा, ती गाडी बाजूला काढायची, ओळखीच्या दलालाला द्यायची आणि दिवसभर "आली नाही" म्हणायचं, हे काही ठिकाणी चालतं. शाळेतलं पोर शनिवारी बसने येऊन तासभर सगळ्या गाड्या चाळतं आणि आधीच उपसलेल्या ढिगातून रिकाम्या हाताने जातं. "लास्ट पीस" म्हणण्यापेक्षा हे मला कितीतरी वाईट वाटतं, कारण यात त्या पोराला शोधायची संधीच राहत नाही. तुमच्या दुकानात असं होत असेल तर तुम्ही त्यात पडू नका. आणि होत नसेल तर कार्टन गिऱ्हाइकांसमोर उघडा. लपवल्याचा आरोप आपोआप थांबेल.

मालकांनाही एक सांगणं आहे. डिस्ट्रिब्युटरकडून थांबलेल्या मालाची यादी आली की ती छापून काउंटरच्या आत चिकटवा. तुमच्या माणसांना खरं बोलायचं असतं, खरं काय ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

प्रश्न : मी फर्ग्युसन रोडच्या जवळ हॉस्टेलवर राहते. लबूबू नावाचा दात काढलेला, केसाळ बाहुला घ्यायचा आहे. एका साइटवर "ही सीरिज संपली, फक्त १ शिल्लक" असं दिसतं आणि खाली घड्याळ उलटं चालतं. किंमत दुप्पट आहे. घेऊ का? नंतर विकता येईल ना?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : विकण्यासाठी घेऊ नकोस. २०२५ मध्ये लबूबू काढणाऱ्या पॉप मार्ट कंपनीने माल वाढवला तसे पुनर्विक्रीचे भाव वर्षाच्या उत्तरार्धात खाली आले. चढ्या भावाने साठा केलेले हात चोळत बसले. आवडतो म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घे, पण त्या घड्याळाकडे बघून नको. पान बंद करून दुसऱ्या दिवशी उघड. बहुधा तोच "१ शिल्लक" आणि तेच घड्याळ पहिल्यापासून चालू झालेलं दिसेल. खोटी घाई दाखवून विकणं हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांत थेट मना केलेलं आहे, त्याचा स्क्रीनशॉट काढून १९१५ कडे पाठवता येतो. आणि लबूबूचे दात मोज. खऱ्याला नऊ असतात. नकली माल बाजारात भरपूर आहे.

प्रश्न : मुलाच्या लहानपणीच्या फनस्कूल कंपनीच्या जी. आय. जो या सैनिकांच्या बाहुल्या माळ्यावर सापडल्या. जुन्या बाजारातला एक जण म्हणाला, "आता बंद झालेल्या आहेत, कोण घेणार, सगळ्या मिळून दोनशे देतो." द्याव्यात का?
– एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, देऊ नका. त्याचं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं त्याच्या सोयीचं. फनस्कूलने या बाहुल्या परदेशी कंपनीचा परवाना घेऊन आपल्याकडे बनवल्या. त्यातल्या काहींचे रंग परदेशी बाहुल्यांपेक्षा वेगळे निघाले, म्हणून बाहेरच्या देशांतले जमवणारे त्या आवर्जून शोधतात. आधी मुलाला फोन करून विचारा, त्याला हव्या असतील. नको म्हणाला तर प्रत्येक बाहुलीचा पुढून-मागून फोटो काढा, बंदुका, टोप्या आणि पुठ्ठ्याची कार्डं सापडली तर ज्याची त्याच्याजवळ ठेवा, आणि जमवणाऱ्या दोघा-तिघांना भाव विचारा. पुसताना थिनर किंवा स्पिरिट वापरू नका, रंग जाईल. कोरडं मऊ फडकं पुरे. आणि कंबर फिरवून बघायचा मोह टाळा. आत एक काळं रबरी कडं असतं, त्यावरच सगळी बाहुली जोडलेली असते, आणि इतक्या वर्षांनी ते कडक होऊन तुटतं. तुटलं तरी बाहुली टाकू नका, नवं कडं बसवता येतं.